विजयदुर्ग की मेळघाट: आई, मुलगी आणि हाताशी सहा दिवस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाताळच्या सुट्टीत पुण्याहून निघून पुण्याला परत यायला सहा दिवस आहेत. माणसं चार: तुम्ही दोघं, 12 वर्षांची मुलगी आणि 71 वर्षांच्या आई. आईंचे गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे. एकीकडे कोकणातलं बंदराचं गाव विजयदुर्ग, दुसरीकडे विदर्भातलं मेळघाटाचं जंगल. तुमच्या मिस्टरांचा ओढा मेळघाटाकडे आहे, कारण गावात दोन दिवसांत कंटाळा येईल असं त्यांना वाटतं. तुम्हाला स्वतःला गर्दी नसलेली जागा हवी आहे, मग ती कुठलीही चालेल.

कोकणातल्या आणि विदर्भातल्या सहली मी बरीच वर्षं आखते आहे, लहान गट घेऊन स्वतः जातेही. त्या अनुभवावरून माझं उत्तर आधीच सांगून टाकते. या डिसेंबरात, या चार माणसांनी विजयदुर्गला जावं. मेळघाट रद्द करू नका, मार्चमध्ये तिघांनी जा.

समुद्र आवडतो की जंगल, हा विचार लोक आधीच करून आलेले असतात. त्यामुळे मी त्यांना वेगळंच विचारते: सकाळी अकरा वाजता तुमच्यातला सगळ्यात कमी चालणारा माणूस काय करत असेल? बंदराच्या गावात वेळ तुमची असते. उशिरा उठलात, दुपारी झोपलात, एखादा दिवस नुसता ओट्यावर बसून काढलात, तरी गाव कुठे जात नाही. जंगलात वेळ जंगलाची. प्राणी पहाटे आणि संध्याकाळी हिंडतात म्हणून फाटकं पहाटे उघडतात. ती पहाट ज्याला झेपली नाही, त्याच्या वाट्याला विश्रामगृहाच्या चार भिंती उरतात.

मेळघाटातला डिसेंबरातला एक दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळची सफारी उजाडता उजाडता निघते आणि तीन-चार तास चालते. जिप्सी उघडी असते. सातपुड्यात त्या दिवसांत पहाटे कडाक्याची थंडी, त्यात चालत्या गाडीचा वारा, रस्ता दगडगोट्यांचा आणि चढउताराचा. गाडीत चढायचं तर पाय चांगला गुडघ्याच्या वर उचलावा लागतो. मध्ये हवं तिथे उतरता येत नाही, लघवीला थांबायच्या जागा ठरलेल्या आणि थोड्या. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी वारंवार जावं लागतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मग आई म्हणतील, "तुम्ही जाऊन या, मी थांबते." त्या थांबतील. पहिल्या दिवशी झाडं, पाखरं, नदी बघून त्यांना बरंही वाटेल. दुसऱ्या दिवशी त्या एकट्या पडतील आणि तुमचं अर्धं लक्ष जिप्सीत असताना मागे राहील. सेमाडोह-कोलकास या जंगलातल्या मुक्कामांच्या बाजूला फोनची रेंज भरवशाची नाही, त्यामुळे त्या बऱ्या आहेत ना, एवढंही विचारता येणार नाही.

प्रवासाचा हिशेब वेगळाच. पुण्याहून बडनेरा किंवा अमरावती म्हणजे रात्रभराची रेल्वे. तिथून गाडीने परतवाडा, आणि परतवाड्यानंतर घाटाचा रस्ता थेट सेमाडोहपर्यंत. ज्यांना गाडी लागते त्यांची तिथे परीक्षा होते. सहा दिवसांतल्या दोन रात्री रेल्वेत गेल्या की जंगलात तीन रात्री उरतात, आणि त्यातला पहिला दिवस अंग सैल करण्यातच जातो. तब्येतीचं काही झालं तर धारणी आणि अचलपूर इथे उपजिल्हा रुग्णालयं आहेत, पण जंगलाच्या मधोमध असाल तर कुठल्याही बाजूला घाट उतरावाच लागतो. विजयदुर्गही मोठ्या रुग्णालयापासून दूरच आहे. देवगडला ग्रामीण रुग्णालय, कणकवलीला उपजिल्हा रुग्णालय. फरक इतकाच की तिथे रात्री-बेरात्री गाडी काढता येते आणि शेजारचं दार वाजवता येतं.

आता तुमच्या मिस्टरांच्या कंटाळ्याविषयी. विजयदुर्गला लोक कंटाळतात हे खरं आहे, आणि का कंटाळतात तेही मला माहीत आहे. मालवणहून किंवा कुणकेश्वरहून सकाळी येतात, किल्ल्यात तासभर उन्हात फिरतात, एक मासळीची थाळी खातात आणि निघतात. असं केलं तर कुठलंही गाव कंटाळवाणं आहे. विजयदुर्ग मुक्कामाचं गाव आहे. तिथे निदान तीन रात्री राहा, आणि किल्ला एका दमात उरकू नका.

किल्ला वाघोटन नदीच्या मुखावर आहे. तीन बाजूंना पाणी, पूर्वेकडून तेवढी जमीन. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळात तो बांधला गेला. आदिलशाहीकडून शिवाजी महाराजांनी तो 1653 मध्ये घेतला, वाढवला आणि त्याला विजयदुर्ग हे नाव दिलं. शेजारच्या गिर्ये गावावरून इंग्रजी कागदपत्रांत तो घेरिया म्हणून येतो. आज आतलं क्षेत्र सुमारे 17 एकर आहे आणि जमिनीच्या बाजूला तटबंदीचे एकामागे एक तीन पदर आहेत. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात मराठ्यांचे जे 12 किल्ले गेले, त्यात हा आहे. त्यामुळे नाताळात पूर्वीपेक्षा गर्दी वाढलेली असेल, पण ती दुपारची असते. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी शेवटच्या तासाला किल्ला जवळपास मोकळा असतो.

एका सकाळी तुम्ही तिघं पूर्ण तटावरून फिरा. समुद्राच्या बाजूच्या भिंतींवर तोफगोळ्यांच्या खुणा आजही दिसतात, त्या मुलीला शोधू द्या, आधी दाखवू नका. दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर आईंना घेऊन फक्त मुख्य दरवाज्यापर्यंत जा. वाट सुरुवातीला सोपी आहे. आत मात्र जमीन खडबडीत, पायऱ्या उंच, आणि पावसाळ्यात वाढलेलं गवत डिसेंबरात वाळून निसरडं झालेलं असतं. आईंनी दरवाज्याच्या वळणाशी थोडं बसावं, दगडी बांधकाम जवळून बघावं आणि परत फिरावं. त्यांचं काही चुकत नाही, कारण या किल्ल्याची खरी गोष्ट आतून जितकी कळते, तितकीच ती बाहेर जेट्टीवरून कळते.

ती गोष्ट फेब्रुवारी 1756 ची. कान्होजी आंग्र्यांनी विजयदुर्गाला आरमाराचं मोठं ठाणं केलं होतं. त्यांचे चिरंजीव तुळाजी यांच्या वेळी पेशवे आणि इंग्रज एकत्र आले. जमिनीवरून पेशव्यांची फौज, समुद्रातून ॲडमिरल वॉटसनचं आरमार, आणि बरोबर रॉबर्ट क्लाइव्ह. तुळाजी बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेले होते. त्यांची गलबतं किल्ल्याच्या आडोशाला खाडीत एकमेकांना बांधून उभी होती. इंग्रजांचा एक पेटता गोळा त्यातल्या एका जहाजावर पडला. ते जहाज आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेलं होतं. आग एका जहाजावरून दुसऱ्यावर गेली आणि आंग्र्यांचं आरमार जागच्या जागी जळालं. त्याच वर्षी इंग्रजांनी बाणकोट घेऊन विजयदुर्ग पेशव्यांना दिला. मराठ्यांनीच मराठ्यांचं आरमार बुडवायला हातभार लावला, हे मला दर वेळी तिथे उभं राहून सांगताना जड जातं. जेट्टीवर बसलात की ती खाडी समोरच असते. आईंना तिथे खुर्ची टाकून द्या आणि मुलीला ही गोष्ट त्यांच्या देखत सांगा.

पुढे पेशव्यांच्या काळात आनंदराव धुळप इथले सरसुभेदार होते. एप्रिल 1783 मध्ये त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचं रेंजर नावाचं जहाज पकडून आणलं. गावात धुळपांचा वाडा आहे. तो राहता वाडा आहे हे लक्षात ठेवा, बाहेरून बघा, आत जायचं तर आधी विचारा.

मुलगी सातवीत असेल, म्हणजे तिच्यासाठी सगळ्यात रंगतदार जागा किल्ल्यातला साहेबाचा ओटा. तिथे तुम्हाला हमखास ऐकवलं जाईल की 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरने इथून हेलियमचा शोध लावला. हे तसं नाही. त्या ग्रहणात सूर्याच्या वर्णपटाचं निरीक्षण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन याने आंध्रातल्या गुंटूरहून केलं, आणि लॉकियर त्या वेळी इंग्लंडातच होता. वर्णपटातली जी पिवळी रेषा हेलियमची ठरली, ती त्याने तिथूनच अभ्यासली. लॉकियर विजयदुर्गला खरोखर आला, पण नंतर, 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी. त्या वेळी त्याची मोठी तुकडी दुर्बिणी घेऊन इथे तळ ठोकून होती. खरी गोष्ट ऐकून गावाचं महत्त्व कमी होत नाही. उलट लंडनहून माणसं समुद्रमार्गे यंत्रं घेऊन याच टोकावर का आली, हा प्रश्न मुलीला पडू द्या. ग्रहणाची छाया कुठून गेली याचा नकाशा तिच्याकडून काढून घ्या, तिचा अर्धा दिवस त्यात जाईल.

किल्ल्यापासून तीनेक किलोमीटरवर वाघोटन खाडीच्या कडेला मराठ्यांची गोदी आहे. बहुतेक पाहुणे ती न बघताच परततात. खडक फोडून आणि दगडी बांध घालून केलेली ही जागा सुमारे 109 मीटर लांब आणि रुंदीला जिथे जास्त आहे तिथे 70 मीटरपर्यंत आहे. मोठ्या भरतीला गलबत आत आणायचं, ओहोटीला पाणी उतरलं की ते कोरडं पडायचं, मग बुडाची डागडुजी करायची आणि पुढच्या भरतीला पुन्हा पाण्यात. एवढ्या साध्या युक्तीवर आरमार चालत होतं. ती नीट समजायची तर गोदी भरतीला एकदा आणि ओहोटीला एकदा बघायला हवी, आणि ते मुक्कामाला असणाऱ्यालाच जमतं.

भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. किनाऱ्यावरची माणसं तिथीला पाऊणपट करतात. अष्टमीला आठचा पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला किंवा अमावस्येला पंधराचा पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण दिवस आखायला हे पुरतं. आईंना तिथी तोंडपाठ असतील. हे गणित त्यांच्याकडे सोपवा, मग रोजचा कार्यक्रम त्याच ठरवतील. मी सोबत नेलेल्या आजीआजोबांकडे हे काम नेहमी देते. ज्यांना आपण सांभाळायला म्हणून नेतो, त्यांच्या हाती दिवसाचं घड्याळ येतं, आणि घरातला सगळा तोलच बदलतो.

किल्ल्याबाहेर समुद्रात पाण्याखाली एक भिंत असल्याचं तुम्हाला कुणीतरी सांगेल. ती पाण्याखाली आहे आणि होडीतून दिसत नाही. तेवढ्यासाठी होडी करू नका. खाडीत तासभर नुसतं फिरायला मात्र जरूर करा, पाण्यातून किल्ला बघितल्याशिवाय त्याची उंची कळत नाही. लाइफ जॅकेट नसेल त्या होडीत बसू नका.

गिर्ये गावातलं रामेश्वराचं मंदिर अर्ध्या दिवसाचं काम आहे. मंदिराकडे जाणारी वाट जांभा दगड उभा चिरून केली आहे. दोन्ही बाजूंना कातळाच्या भिंती, मधून उतार, आणि खाली एकदम मंदिराचं आवार. सभामंडपाच्या भिंतींवर जुनी चित्रं आहेत. आईंना हात धरून सावकाश उतरवा, परतीच्या चढाला मध्ये थांबा. भर दुपारीही त्या वाटेवर गारवा असतो.

जेवणाविषयी काळजी नको. घरगुती खानावळीत सकाळीच सांगून ठेवावं लागतं, आयत्या वेळी गेलात तर उरलंसुरलं मिळेल. मासे खात असाल तर त्या दिवशी काय आलंय ते विचारा आणि तेच घ्या. आई शाकाहारी असतील तर काळ्या वाटाण्याची उसळ, कुळथाची पिठी, घावणे किंवा आंबोळ्या आणि सकाळी उकड्या तांदळाची पेज मागा. पेज यादीवर नसते, घरात रोज असते. डिसेंबरात हापूसच्या कलमांना मोहोर धरायला लागलेला असतो. देवगडच्या रस्त्याने बागांमधून जाताना गाडीच्या काचा खाली घ्या.

विजयदुर्गचे उणे मुद्देही सांगायला हवेत. पोहायला ही जागा चांगली नाही, त्यासाठी देवगड किंवा कुणकेश्वरच्या बाजूला जावं लागतं, आणि तिथेही स्थानिकांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. दुपारी बारा ते चार ऊन डिसेंबरातही टोचतं. संध्याकाळी सातनंतर गाव निजायला लागतं, फिरायला बाजारपेठ वगैरे काही नाही. मुलीला संध्याकाळी पत्ते, पुस्तक, दुर्बीण असं काहीतरी हाताशी द्या. राहण्याची ठिकाणं मोजकी आहेत, नाताळासाठी निदान दीड-दोन महिने आधी पैसे भरून पक्कं करा. खोली घेताना तीनच गोष्टी विचारा: तळमजला आहे का, संडास कमोडचा आहे का, आणि वीज गेली तर काय सोय आहे. समुद्राचा देखावा चौथ्या क्रमांकावर ठेवा.

रस्ता कोल्हापूर, गगनबावडा, वैभववाडी, तळेरे, विजयदुर्ग असा. एकूण साडेतीनशे ते चारशे किलोमीटरच्या मधे. एका दिवसात होतो, पण आईंच्या गुडघ्यांना नऊ-दहा तास एकसारखं बसणं बरं नाही. कोल्हापुरात रात्र काढा, अंबाबाईचं दर्शन आईंना मिळेल, आणि सकाळी ताज्या डोक्याने घाट उतरा. याच वाटेवरचा करूळ घाट कामासाठी बराच काळ बंद होता, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी कोल्हापुरातच चौकशी करा. तो बंद असेल तर भुईबावडा किंवा राधानगरीवरून फोंडा घाट. रेल्वेने यायचं तर वैभववाडी किंवा कणकवली, तिथून गाडी आधी सांगून ठेवायची.

आता मेळघाट. तुमच्या मिस्टरांचा हट्ट मला समजतो, आणि त्यांची आवड दुय्यम आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. फक्त त्यांना एक विचारा: वाघ बघायचाय की जंगल? वाघ दिसण्याची शक्यता हाच मुख्य मुद्दा असेल तर ताडोब्याचं नाव घ्यायला हवं, मेळघाटाचं नाही. 1973-74 मध्ये देशातले पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प ठरले, त्यात मेळघाट होता. गाभा आणि बफर मिळून क्षेत्र सुमारे 2768 चौरस किलोमीटर. पण हे सगळं दऱ्याखोऱ्यांचं, उभ्या उतारांचं, सागाचं रान आहे. वाघ आहेत, पण ते विखुरलेले, आणि लपायला त्यांना जागा भरपूर. डिसेंबरात गवत उंच असतं, सागाची पानं बरीचशी अजून झाडावर असतात, पाणी जागोजागी असतं. प्राण्यांना कुठेही पाणी मिळतं, मग ते तुमच्या रस्त्याशेजारच्या पाणवठ्यावर कशाला येतील? चार सफाऱ्या करून सांबर, भेकर, लांबवर गव्यांचा एखादा कळप आणि मातीत उमटलेले पाय, एवढं बघून परत आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांतली जी वाघासाठी आली होती ती हिरमुसली, जी जंगलासाठी आली होती ती पुन्हा आली.

मार्चमध्ये चित्र पालटतं. पानगळ होते, नजर आत शिरते, पाणी सिपना, खापरा, खंडू, गाडगा या नद्यांच्या डोहांत आकसतं. मोहाचा सडा पडायला लागतो आणि अस्वलं त्यासाठी खाली येतात. पळसाला फुलं असतात. कोलकासला सिपनेच्या वळणावर विश्रामगृह आहे. तिथून नदी बघत बसणं हीच सहल मानणाऱ्या माणसाने मेळघाटाला जावं.

तुमच्या मुलीसाठी मेळघाटात वाघापेक्षा मोलाचा एक पाहुणा आहे, रानपिंगळा. 1884 नंतर शंभराहून अधिक वर्षं या घुबडाचा खात्रीचा पत्ता नव्हता, तो नामशेष झाला असंच धरलं होतं. 1997 मध्ये नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो पुन्हा दिसला, आणि पुढे मेळघाटातही त्याची चांगली वस्ती असल्याचं कळलं. भारताबाहेर हा पक्षी कुठेही नाही. घुबड असून दिवसा वावरतो, निष्पर्ण फांदीवर उन्हात बसतो, त्यामुळे बाराव्या वर्षीच्या डोळ्यांना तो सापडू शकतो. गाइड ठरवताना स्पष्ट सांगा की आम्हाला वाघामागे पळायचं नाही, रानपिंगळा आणि पाखरं दाखवा. गाइड इथल्या कोरकू आदिवासींपैकी तरुण असेल तर त्याचा चेहरा त्या वाक्याने खुलतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. त्याला जंगल सगळंच माहीत असतं, विचारणारं कुणी नसतं.

कोरकूंविषयी थोडं. ही त्यांची भूमी आहे. व्याघ्रप्रकल्पासाठी गाभ्यातली अनेक गावं बाहेर हलवली गेली. बोरी, कोहा, कुंड ही त्यांतली पहिली. ज्या मोकळ्या माळावर तुम्हाला आज हरणं चरताना दिसतील, तो एखाद्या गावाचा जुना शेतमाळ असू शकतो. मुलीला हे सांगा. गावातून जाताना घरांचे, मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, चॉकलेटं वाटू नका. सेमाडोह किंवा चिखलदऱ्याला गवळ्यांचा खवा विकत घ्या, तो पैसा तिथेच राहतो. होळीच्या आसपास कोरकू गावांत मोठा सण असतो, मेघनाथाची पूजा असते. त्या आठवड्यात गेलात तर पाहुण्यासारखे मागे उभे राहा.

खर्चाचा मुद्दा तुम्ही विचारला होता. जंगलातला खर्च माणशी नसतो, गाडीमागे असतो: जिप्सी, गाइड, प्रवेशशुल्क. तिघांनाही तेवढाच पडतो जेवढा सहांना. त्यामुळे मार्चमध्ये आणखी एखादं कुटुंब बरोबर घेतलंत तर परवडेल, फक्त बडबडं कुटुंब नको. विजयदुर्गला मोठा खर्च पेट्रोलचा आणि खोलीचा, बाकी किरकोळ.

आणि दोन्ही एकाच सहलीत बसवता येतील का, या तुमच्या शेवटच्या ओळीला उत्तर: नाही. एक राज्याच्या नैर्ऋत्येला, दुसरं उत्तरेच्या टोकाला. सहा दिवस रस्त्यातच जातील.

मार्चसाठी अशी आखणी करा. रात्रीच्या रेल्वेने बडनेरा, पहिली रात्र चिखलदऱ्याला. तिथे गाविलगड आहे, 15 डिसेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांकडून घेतलेला. तो सकाळी लवकर बघा, पाणी भरपूर न्या. मग कोलकास किंवा सेमाडोहला तीन रात्री, त्यात तीनच सफाऱ्या, चौथी वेळ नदीकाठी बसायला मोकळी ठेवा. वनविभागाच्या विश्रामगृहांचं आरक्षण त्यांच्या संकेतस्थळावर होतं. शाळेची परीक्षा आणि होळी दोन्ही तारखा बघून आधी खोली मिळवा, मग रेल्वेचं तिकीट काढा, उलट करू नका. सफारीत मोबाइल वापरू देत नाहीत, तेव्हा मुलीसाठी साधी 8 बाय 42 ची दुर्बीण घ्या. ती विजयदुर्गच्या आधीच घ्या. किल्ल्याच्या तटावरून समुद्रगरुड आणि कुरव बघत तिचा हात बसेल, आणि मार्चपर्यंत दुर्बीण डोळ्याला लावून पक्षी पटकन धरायची तिला सवय झालेली असेल.

आईंच्या गोळ्यांचे दोन संच करा, एक पिशवीत आणि एक गाडीत. निघायच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना सांगून रक्तदाब तपासून घ्या, आणि गुडघ्यांसाठी चार पायांची घडीची काठी घ्यायची का, तेही त्यांनाच विचारा. गिर्येच्या उतारावर ती उपयोगी पडेल.